डेप्युटेशनवर जर्मनीत आहात? पहिली एकट्याची सहल अशी करा

नाशिकच्या सातपूर-अंबडमधून बरेच जण तीन महिने, सहा महिने जर्मनीला कामासाठी जातात. निघण्याआधी व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड, कुकर न्यायचा की नाही, हे सांगणारे दहा जण भेटतात. तिथे पोहोचल्यावर पहिल्या शनिवारी काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी क्वालिटीत काम करते. स्टुटगार्टजवळच्या एका प्लांटला सहा महिन्यांसाठी गेले होते आणि पहिले तीन शनिवार मी खोलीतच काढले. कपडे धुतले, घरी तास-तास बोलले, खिडकीतून ट्राम बघत बसले. आम्हा चार भारतीयांचं 'या शनिवारी नक्की जाऊ' असं दर आठवड्याला ठरायचं आणि शुक्रवारी रात्री कुणाचं तरी काही निघायचं. चौथ्या शनिवारी एकटीच उठले आणि उल्मला जाऊन आले. परत येईपर्यंत आणखी आठ गावं तशीच पाहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली सहल एकट्यानं करा, आणि लवकर करा. तिकीट दुसऱ्याच्या हातात असलं की आपण नुसते मागे चालतो. एकट्यानं एक दिवस काढला की स्टेशन, दुकान, हॉटेल सगळ्याची ओळख होते आणि सोमवारी प्लांटमध्ये बोलतानाही फरक पडतो. खाली उल्मचंच उदाहरण घेऊन सगळं लिहिते. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तरी क्रम हाच राहील.

१. गाव लहान आणि जवळचं निवडा

पहिल्याच खेपेला पॅरिस किंवा झुरिक नको. तिथे अर्धा दिवस रांगेत जातो आणि काय पाहिलं ते आठवत नाही. माझ्या कसोट्या तीन: गाडी थेट हवी, प्रवास तास-सव्वा तासाचा हवा आणि स्टेशनातून बाहेर पडल्यावर जुनं गाव चालत गाठता यायला हवं. स्टुटगार्टहून एस्लिंगेन, ट्युबिंगेन आणि उल्म ही तिन्ही गावं यात बसतात.

शिवाय ही गावं देशातच आहेत. स्ट्रासबुर्ग जवळ वाटतं, पण ते फ्रान्समध्ये आहे. शेंगेनमुळे या देशांत सहसा तपासणीविना ये-जा होत असली तरी जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. मूळ पासपोर्ट जवळ नसेल तर सीमा ओलांडण्याचा विचारही करू नका.

२. शनिवारच धरा

रविवारी जर्मनीत दुकानं कायद्यानंच बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं आणि बेकऱ्या सोडल्या तर गाव शांत असतं. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, त्या वेळी आत फिरता येत नाही. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. शनिवारी मात्र उल्मच्या चर्चसमोरच्या चौकात सकाळी बाजार भरतो. भाज्या, चीज, फुलं, सफरचंदांच्या पेट्या. तो बुधवारीही असतो, पण बुधवारी आपण प्लांटमध्ये असतो.

३. तिकीट: सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात

दोन पर्याय लक्षात ठेवा.

पहिला डॉइचलांड-टिकिट. हा महिन्याचा पास आहे, जानेवारी २०२६ पासून ६३ युरो. देशभरातल्या साध्या गाड्या, ट्राम, मेट्रो, सिटी बस सगळ्यांत चालतो. रोज प्लांटला जायला तुम्ही तोच वापरत असाल, तर सहलीचा वेगळा खर्च शून्य. पण तो आपोआप पुढे चालू राहतो. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला तरच त्या महिन्याअखेर बंद होतो. डेप्युटेशन संपवून नाशिकला परत गेल्यावरही पैसे कापले गेलेले सहकारी मला माहीत आहेत. परतीचं विमानाचं तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये ही तारीख टाका.

दुसरा बाडेन-व्युर्टेमबर्ग-टिकिट. स्टुटगार्ट आणि उल्म ज्या राज्यात आहेत, त्या राज्यापुरता हा एका दिवसाचा पास. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ पासून आणि शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतो, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ पर्यंत. त्यावर स्वतःचं नाव लिहावं लागतं. कोरा ठेवला तर तो धरला जात नाही.

आता यातले धोके. हे दोन्ही पास लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत, म्हणजे आयसीई, आयसी, ईसी यांत चालत नाहीत. रेल्वेच्या ॲपमध्ये गाडी शोधताना 'फक्त प्रादेशिक गाड्या' अशी खूण करता येते, ती आधी करा. डब्याच्या दारावर किंवा काचेवर १ आकडा असेल तर तो पहिला वर्ग, तिथे बसू नका, डबा रिकामा दिसला तरी. चुकीच्या तिकिटाला किमान ६० युरो दंड आहे आणि 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही.

४. पिशवीत काय हवं

कागदपत्रं:
– पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड (कार्ड आलं नसेल तर व्हिसाचं पान)
– आरोग्य विम्याचं कार्ड
– राहत्या जागेचा पत्ता आणि टीम-लीडचा नंबर, कागदावर लिहिलेला
– पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये

बाकीचं सामान:
– पॉवर बँक आणि केबल
– ३०-४० युरो रोख, सुट्टे धरून
– पाण्याची बाटली
– पातळ रेनकोट. छत्री नको, मनोऱ्यावर वाऱ्यात टिकत नाही
– दशमी किंवा चिवडा

पॉवर बँक चैनीची वस्तू समजू नका. दुसऱ्याच सहलीत माझा मोबाईल दुपारी तीनला बंद पडला. तिकीट त्यात, नकाशा त्यात, परतीची वेळ त्यात. मोबाईल बंद म्हणजे तपासनीसाच्या लेखी तुमच्याकडे तिकीट नाही. एका कॅफेत चार्जर मागून पाऊण तास बसले तेव्हा सुटले. तेव्हापासून परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून नेते.

रोख का? काही बेकऱ्या आणि बाजारातले गाळे रोखच घेतात. काही ठिकाणी कार्ड चालतं, पण फक्त जर्मन बँकेचं. आपलं फॉरेक्स कार्ड तिथे निरुपयोगी.

५. स्टेशनवर

पिवळ्या कागदावर सुटणाऱ्या गाड्या आणि पांढऱ्यावर येणाऱ्या, एवढं कळलं की निम्मं काम झालं. बाकी पाच-सहा शब्द पुरतात: 'ग्लाइस' म्हणजे फलाट, 'फेरश्पेटुंग' म्हणजे उशीर, 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द, 'एरझात्सफेरकेअर' म्हणजे रेल्वेऐवजी बस. घोषणा कळल्या नाहीत तरी फलाटावरच्या लोकांकडे लक्ष ठेवा. सगळे एकदम जिन्याकडे निघाले तर फलाट बदललाय.

स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनवर २०१० पासून नव्या भूमिगत स्थानकाचं काम चाललं आहे. फलाटापर्यंत बरंच चालावं लागतं. दहा मिनिटं जादा धरूनच निघा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहसा भेटत नाही. काही गाड्या वाटेत दोन भागांत फुटतात आणि पुढचा भाग एका गावाला, मागचा दुसऱ्या गावाला जातो. ब्लॅक फॉरेस्टकडे जाताना मी चुकीच्या भागात बसले आणि दीड तास गेला. फलाटावर अ, ब, क सारखे विभाग आखलेले असतात आणि पाटीवर कुठला भाग कुठे थांबेल ते दाखवतात. डब्यात चढल्यावर आतल्या पडद्यावर शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा, मगच पिशवी वर ठेवा.

६. गाडीत झोपू नका, घाट बघा

उल्मला वेगवान गाडीही जाते. २०२२ च्या डिसेंबरात वेंडलिंगेन ते उल्म नवा मार्ग सुरू झाला, त्यावर ती बोगद्यांतून झपकन निघून जाते. आपली प्रादेशिक गाडी मात्र जुन्या मार्गानं जाते, आणि नाशिककर माणसानं तीच घ्यावी. गाइसलिंगेन गावाच्या पुढे गाडी डोंगर चढायला लागते. १८५० मध्ये सुरू झालेला हा घाट आहे, साधारण ४४ मीटरला एक मीटर चढ. आपला कसारा-इगतपुरी त्याहून खडा, ३७ मीटरला एक मीटर, आणि तो १८६५ चा. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात तशी इथेही जड मालगाड्यांना मागून इंजिन लावत आले आहेत. पंचवटीनं लहानपणापासून तो घाट चढलेल्या मला गाडीचा आवाज बदललेला लगेच कळला. खाली गाव, बाजूला झाडी, वळणावर आपल्याच गाडीचे पुढचे डबे दिसतात. जाताना उजवीकडे की डावीकडे बसावं याचा फार विचार करू नका, घाटापाशी दाराजवळ उभं राहा.

७. उल्ममध्ये सकाळ: आधी मनोरा, मग बाकी सगळं

स्टेशनातून बाहेर पडून सरळ पादचारी रस्त्यानं चाला. या बानहोफश्ट्रासेवरच अल्बर्ट आइनस्टाइनचा जन्म झाला, १४ मार्च १८७९ ला. ते घर दुसऱ्या महायुद्धात पडलं, जागेवर आता दगडी स्मारक आहे. मी पहिल्या वेळी ते न बघताच पुढे गेले, कारण मान वर होती. समोर चर्चचा मनोरा दिसत असतो.

उल्म मिन्स्टर. उंची १६१.५३ मीटर. बांधायला सुरुवात १३७७ मध्ये, पूर्ण झालं १८९० मध्ये. मधली ३०० वर्षं, १५४३ ते १८४४, काम जवळजवळ बंदच होतं. पूर्ण झाल्यापासून १३० हून जास्त वर्षं हे जगातलं सर्वांत उंच चर्च होतं, २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियानं त्याला मागे टाकलं. हे कुठल्या राजानं बांधलेलं नाही, गावातल्या लोकांनी आपल्या पैशानं बांधायला घेतलं. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा मोठा भाग गेला, हे उभं राहिलं.

मनोरा सकाळीच चढा. पाय ताजे असतात आणि गर्दी कमी. वरपर्यंत ७६८ पायऱ्या आहेत. डागडुजीमुळे वरचा टप्पा कधी कधी बंद ठेवतात, तेव्हा तिकीट घेण्याआधी विचारा. पांडवलेण्यांची चढण मोकळ्यावर आहे, इथला जिना दगडी, गोल आणि अरुंद. हात दोन्ही भिंतींना लागतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर चढू नका, मधून मागे फिरणं अवघड जातं. गुडघे दुखणाऱ्यांनीही खालीच थांबावं, खाली बघण्यासारखं कमी नाही. वरून डोनाउ (डॅन्यूब) नदी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर आल्प्सची रांग.

खाली आल्यावर आत जा आणि पुढच्या भागातल्या लाकडी आसनांजवळ वेळ काढा. १४६९ ते १४७४ या काळात योर्ग झिर्लिन नावाच्या कारागिरानं ती कोरली. आसनांवर संत असतील असं मला वाटलं होतं. आहेत टॉलेमी, सिसेरो, पायथागोरस. पायथागोरसच्या हातात तंतुवाद्य आहे आणि बोटं खरंच तारेवर टेकल्यासारखी कोरली आहेत. चर्चमध्ये गणितज्ञ बसवणारे हे लोक कोण असतील, असा विचार करत मी तिथे अर्धा तास उभी होते. बरोबर कुणी असतं तर 'चला आता' म्हणाले असते.

बाहेर आल्यावर छपरावर चिमणी पक्ष्याची मूर्ती शोधा. गोष्ट अशी सांगतात की चर्चसाठी लांब तुळई आणली, ती आडवी धरल्यामुळे गावाच्या वेशीतून जाईना. लोक वेस पाडायला निघाले. तेवढ्यात एक चिमणी घरट्यासाठी काडी नेताना दिसली, लांबीनं धरलेली. गावभर या चिमणीच्या मूर्ती आहेत.

८. दुपार: कोळीवाडा आणि नदी

मिन्स्टरपासून दहा मिनिटांवर फिशरफिअर्टेल, म्हणजे शब्दशः कोळीवाडा. ब्लाउ नावाची लहान नदी इथे घरांच्या मधून वाहते आणि डोनाउला मिळते. पूर्वी इथे मासेमार आणि चामडं कमावणारे राहत. लाकडी चौकटीची घरं पाण्यावर झुकलेली आहेत. त्यातल्या सगळ्यात वाकड्या घरात आता हॉटेल आहे. दगडी पूल ओले असतात, चपला घालून येऊ नका.

तिथून नदीकाठच्या जुन्या तटबंदीवर चढा आणि नुसतं चाला. गोदाकाठी वाढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट जाणवते: पाण्यात उतरायला घाट नाहीत, पायऱ्या नाहीत. नदी इथे काठावरून बघायची. वाटेत एक तिरका बुरूज लागतो, मेत्सगरटुर्म. पुढे आडलरबास्टाय नावाचा बुरूज आहे. आल्ब्रेख्त बेर्ब्लिंगर नावाच्या शिंप्यानं स्वतः पंख बनवले आणि ३१ मे १८११ ला तो इथून नदीवरून उडायला गेला. वारा मिळाला नाही, तो पाण्यात पडला. कोळ्यांनी बाहेर काढलं, पण लोकांनी त्याची इतकी टिंगल केली की त्याचा धंदा बसला. त्याचे पंख उडण्याजोगे होते, असं नंतरच्या चाचण्यांत दिसलं. आम्ही नमुना नापास झाला की कारण शोधतो, माणसाला हसत नाही. त्या बुरुजावर उभं राहून मला त्या शिंप्याचं फार वाईट वाटलं.

पलीकडच्या काठावर नॉय-उल्म आहे, पण ते बव्हेरिया. पूल ओलांडलात की दुसरं राज्य. पाऊस आला तर उल्मच्या संग्रहालयात जा. हस्तिदंतात कोरलेला, सिंहाच्या डोक्याचा माणूस तिथला, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा. निघण्याआधी तो प्रदर्शनात आहे का, ते संग्रहालयाच्या वेबसाइटवर बघा.

९. जेवण, शाकाहारी असाल तर नीट वाचा

'वेगेटारिश' हा शब्द पाठ करा. त्यानंतरही 'ओनं श्पेक' म्हणा. श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, आणि ते सॅलडवर, बटाट्यावर, सूपमध्ये न सांगता येतात. माउलटाशन दिसायला आपल्या दिंडांसारखे, पण आत बहुतेक वेळा मांस असतं. शाकाहारीही मिळतात, विचारून घ्या. माझं ठरलेलं म्हणजे केझश्पेट्सलं: चीजमध्ये घोळलेल्या जाड शेवया, वर तळलेला कांदा. त्यात अंडं असतं, हे न चालणाऱ्यांनी लक्षात ठेवा. काहीच नाही जमलं तर बेकरीतला लोण्याचा ब्रेत्सेल आणि पिशवीतला चिवडा. नाशिकच्या चिवड्यानं मला दोनदा वाचवलंय.

पाणी मागितलं तर सोड्याचं येतं. साधं हवं तर 'श्टिल' म्हणा, आणि त्याचेही पैसे लागतात. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, म्हणून बाटली भरून घ्या. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला साधारण एक युरो लागतो. जेवायला बसाल तिथलंच वापरून निघा.

एकट्यानं टेबलावर बसायला मला पहिल्यांदा अवघड गेलं. तिथे त्याकडे कुणी बघत नाही. बिल आपोआप येत नाही, 'त्सालेन, बिटं' म्हणावं लागतं. मी पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटं वाट बघत बसले होते.

१०. एकटे असताना

– निघताना कोणत्या गावाला जाता आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे तिथल्या एका सहकाऱ्याला कळवा. नाशिकला कळवून उपयोग नाही, ते फक्त काळजी करतील.
– घरी एक वेळ ठरवून द्या. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मी दुपारी तीनला फोन करायचे, तेव्हा नाशिकला साडेसहा. आई देवापुढे दिवा लावून बसलेली असायची.
– ११२ रुग्णवाहिका आणि अग्निशमन, ११० पोलीस.
– लाल दिवा असताना रस्ता रिकामा असला तरी ओलांडू नका.
– सायकलीची वाट फूटपाथलाच लागून असते. फोटो काढताना तिच्यावर उभे राहू नका, सायकली जोरात येतात.

बायकांसाठी वेगळं सांगते: दिवसा मला कुठेही भीती वाटली नाही. अंधार पडल्यावर मोठ्या स्टेशनांच्या आसपास दारू प्यायलेल्यांचे घोळके असतात, तेवढ्यासाठी तरी उजेडात परत या. हिवाळ्यात साडेचारलाच काळोख होतो, त्या हिशेबानं निघा.

११. परत येताना

शेवटच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. तुमची गाडी शेवटून तिसरी असावी. एक रद्द झाली, दुसरी उशिरा आली, तरी तुम्ही खोलीवर पोहोचता. मला सहा महिन्यांत दोनदा हा नियम कामी आला.

स्टेशनवरून खोलीवर जाताना सुपरमार्केटमध्ये शिरा, कारण उद्या रविवार, सगळं बंद. दूध, ब्रेड, टोमॅटो आत्ताच घ्या. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या दारापाशी असलेल्या यंत्रात टाका, बाटलीमागे २५ सेंट मिळतात, चिठ्ठी काउंटरवर दाखवली की बिलातून वजा होतात. उल्महून आले त्या संध्याकाळी, एप्रिलमध्ये, फळांच्या फळीवर हिरव्या द्राक्षांचे डबे होते आणि लेबलवर देशाचं नाव 'इंडियेन'. निफाडची की दिंडोरीची, कळायला मार्ग नव्हता. एक डबा घेतला आणि ट्रामच्या थांब्यावरच उघडला.